विश्लेषण : मुरमांचे खड्डे सुयांनी खरेच भरतात का? मायक्रोनीडलिंग काय आहे, किती दिवस लागतात आणि कोणी करू नये?

लग्न ठरले, ट्रेनिंग संपून नोकरी पक्की झाली किंवा दिवाळीचा बोनस खात्यात आला, की एक जुना प्रश्न पुन्हा वर येतो. चेहऱ्यावर राहिलेल्या मुरमांच्या खड्ड्यांचे काय करायचे? मोबाइल उघडला की उत्तर तयार असते. तीस सेकंदांच्या रीलमध्ये गालावरून पेनासारखे यंत्र फिरते, पुढच्याच क्षणी गुळगुळीत गाल दिसतो आणि खाली ऑफरचा आकडा. वाकड, पिंपळे सौदागरपासून मोशी, चाकणपर्यंत स्किन क्लिनिकच्या दरपत्रकावर ‘मायक्रोनीडलिंग’ हा शब्द आता नवा राहिलेला नाही. काही सलूनमध्येही तो ऐकू येतो.

हा उपचार खोटा नाही. त्यामागे अभ्यास आहेत आणि त्यातले महत्त्वाचे काही भारतातच झाले आहेत. मात्र रीलमध्ये एक गोष्ट सांगितली जात नाही. हे यंत्र खड्डा भरत नाही, ते जखम करते. भरण्याचे काम तुमचे शरीर करते आणि त्याला काही महिने लागतात. त्यामुळे ही जखम कोण करतो, किती खोल करतो आणि किती स्वच्छतेने करतो, यावर सगळे अवलंबून आहे.

सुई टोचल्याने त्वचा सुधारते कशी?

त्वचेचे दोन मुख्य थर लक्षात घ्या. वरचा थर म्हणजे एपिडर्मिस. चेहऱ्यावर तो साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे कागदाइतका पातळ असतो. त्याखाली डर्मिस. त्वचेला भरीवपणा आणि ताण देणारे कोलॅजन या थरात असते. मोठा मुरूम खोलवर पिकतो, तेव्हा तिथले कोलॅजन नष्ट होते. जखम भरताना ते पुरेसे तयार झाले नाही, की वरची त्वचा खाली बसते. आपण ज्याला खड्डा म्हणतो तो हाच. वरून कितीही क्रीम लावले तरी तो भरत नाही, कारण बिघाड पृष्ठभागावर नसून खाली आहे.

मायक्रोनीडलिंगमध्ये अतिशय बारीक सुया वरचा थर ओलांडून डर्मिसपर्यंत जातात आणि शेकडो सूक्ष्म छिद्रे पाडतात. शरीराच्या दृष्टीने ही दुखापतच असते. रक्तातील प्लेटलेट पेशी तिथे जमतात आणि दुरुस्तीचे संदेश देणारी रसायने सोडतात. त्या संदेशांमुळे फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कामाला लागून नवे कोलॅजन विणू लागतात. सुरुवातीचे कोलॅजन तात्पुरत्या प्रकारचे असते. त्याच्या जागी मजबूत प्रकारचे कोलॅजन येण्याची प्रक्रिया पुढे कित्येक महिने चालते.

छिद्रांच्या मधली त्वचा शाबूत राहते, हा या पद्धतीचा मोठा फायदा. वरचा थर सोलला जात नाही, म्हणून जखम लवकर बंद होते. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर काही लेझर उपचारांनंतर काळे डाग उमटण्याची भीती जास्त असते. त्या तुलनेत मायक्रोनीडलिंगमध्ये ती कमी मानली जाते. कमी म्हणजे शून्य नव्हे.

ही कल्पना आली कुठून?

१९९५ मध्ये अमेरिकेतील ओरेंट्राइक पिता-पुत्र डॉक्टरांनी खड्ड्याखाली सुई घालून त्याला खाली ओढून धरणारे तंतू तोडण्याची पद्धत मांडली. १९९७ मध्ये कॅनडातील कामिरां आणि डूसे या डॉक्टरांनी टॅटू काढण्याचे यंत्र शाईशिवाय व्रणांवर वापरल्याचे प्रसिद्ध केले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील प्लास्टिक सर्जन डेसमंड फर्नांडिस यांनी सुया बसवलेला छोटा रोलर विकसित केला आणि ही पद्धत जगभर पोहोचली. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ‘स्किनपेन’ या यंत्राला चेहऱ्यावरील मुरमांच्या व्रणांसाठी परवानगी दिली. ती २२ वर्षे आणि त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी होती.

रोलर, पेन आणि आरएफ यांत फरक काय?

चाकणच्या शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्याला मायक्रॉनचा हिशेब वेगळा समजावून सांगायला नको. इथेही तोच हिशेब आहे. ०.५ मिमी म्हणजे ५०० मायक्रॉन, १.५ मिमी म्हणजे १५०० मायक्रॉन. कपाळावर हाडाजवळची त्वचा पातळ, गालावरची जाड. दोन्हीकडे एकच खोली ठेवणे म्हणजे दोन वेगळ्या जाडीच्या पत्र्यांना एकाच सेटिंगवर ड्रिल मारण्यासारखे आहे.

रोलर : दाढीच्या रेझरसारखी मूठ आणि पुढे सुयांचे फिरते चाक. सुयांची लांबी ठरलेली असते. चाक फिरताना सुई तिरकी आत जाते आणि तिरकीच बाहेर येते. त्यामुळे जोर जास्त झाला तर त्वचा ओरबाडली जाऊ शकते.

पेन : मोटरवर चालणाऱ्या सुया सरळ उभ्या आत-बाहेर होतात. खोली चेहऱ्याच्या भागानुसार बदलता येते. पुढची काडतुसासारखी टिप एकदा वापरून फेकायची असते.

आरएफ मायक्रोनीडलिंग : यात सुईच्या टोकातून रेडिओफ्रिक्वेन्सी ऊर्जा सोडून आतला थर तापवला जातो. परिणाम जास्त, दर जास्त आणि चुकीला माफी कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या प्रकाराबाबत सावधगिरीची सूचना काढली. भाजणे, व्रण पडणे, त्वचेखालची चरबी कमी होणे, चेहरा विद्रूप होणे आणि मज्जातंतूंना इजा अशा तक्रारी तिच्यात नोंदवल्या आहेत. हा वैद्यकीय उपचार आहे, साधा सौंदर्योपचार नाही, आणि तो घरी करू नये, असेही त्या सूचनेत बजावले आहे.

सगळेच खड्डे भरतात का?

नाही. अपेक्षाभंग बहुतेक वेळा इथेच होतो. मुरमांचे खड्डे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात.

• लाटांसारखे उथळ खड्डे : त्वचा वर-खाली झालेली दिसते. मायक्रोनीडलिंगचा उपयोग यांत चांगला दिसतो. खालचे तंतू घट्ट असतील तर आधी ते सुईने सोडवावे लागतात.

• कडा उभ्या असलेले रुंद खड्डे : उथळ असतील तर फरक पडतो, खोल असतील तर कमी.

• टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे : इंग्रजीत यांना आइसपिक म्हणतात. फक्त मायक्रोनीडलिंगने ते फारसे हलत नाहीत. त्यासाठी त्या खड्ड्यापुरते तीव्र आम्ल लावण्याची वेगळी पद्धत डॉक्टर वापरतात.

एकाच गालावर तिन्ही प्रकार असू शकतात. म्हणून चेहरा नीट न पाहता फोनवरच ‘सहा सिटिंगचे पॅकेज’ सांगणाऱ्याने निदान केलेलेच नसते.

श्रीनगरचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. इम्रान माजिद यांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयात वारंवार दाखला म्हणून दिला जातो. चेहऱ्यावर खड्डे असलेल्या ३७ रुग्णांपैकी ३६ जणांनी उपचार पूर्ण केला. त्यांपैकी ३४ जणांच्या व्रणांची तीव्रता एक किंवा दोन श्रेणींनी कमी झाली. ‘श्रेणीने कमी झाली’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. खड्डे उथळ होतात, सावली कमी पडते, चेहरा एकसारखा दिसू लागतो. मुरूम येण्याआधीची त्वचा परत मिळत नाही.

केस गळतीवरही हेच करतात, ते खरे आहे का?

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर मुंबईतून आले आहे. सायनच्या लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुवंशिक टक्कल सुरू झालेल्या १०० पुरुषांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला फक्त ५ टक्के मिनॉक्सिडिल, दुसऱ्याला मिनॉक्सिडिलसोबत आठवड्यातून एकदा मायक्रोनीडलिंग. १२ आठवड्यांनंतर ठरवलेल्या जागेतील केसांच्या संख्येत पहिल्या गटात सरासरी २२.२ ची, तर दुसऱ्या गटात ९१.४ ची वाढ दिसली.

आकडे प्रभावी आहेत. पण हा प्राथमिक अभ्यास होता आणि तो तीन महिन्यांचाच होता. त्यातही सुया एकट्या नव्हत्या, सोबत औषध होते. पूर्ण गुळगुळीत झालेल्या टकलावर केस उगवतील, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. आणखी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. कंपनीत दिवसभर सेफ्टी हेल्मेट घातल्याने अनुवंशिक टक्कल पडत नाही. टक्कल लपवायचे म्हणून हेल्मेट काढून ठेवण्याचा विचार तर मुळीच नको.

सिटिंगच्या दिवशी आणि त्यानंतर काय होते?

त्या दिवशी : चेहरा धुऊन बधिर करणारे क्रीम लावतात आणि साधारण ४५ मिनिटे ते एक तास ठेवतात. प्रत्यक्ष उपचार अर्ध्या तासाच्या आत होतो. किंचित टोचल्यासारखे वाटते, कपाळावर आणि ओठांच्या वर जास्त. खड्ड्यांवरील उपचारात रक्ताचे बारीक ठिपके दिसतात, ते अपेक्षित आहे. भळाभळा रक्त वाहणे अपेक्षित नाही.

पहिले तीन दिवस : उन्हाने भाजल्यासारखी लाली, थोडी सूज, ताण आणि उष्णता जाणवते. या काळात मेकअप, वाफ, जिम, पोहणे आणि रेटिनॉल किंवा आम्ल असलेली क्रीम टाळायची. सौम्य फेसवॉश, साधे मॉइश्चरायझर आणि डॉक्टरांनी दिलेले औषध एवढेच.

तिसरा ते सातवा दिवस : त्वचा कोरडी पडते, बारीक पापुद्रे निघतात. ते नखाने काढायचे नाहीत.

चार ते सहा आठवडे : पुढची सिटिंग साधारण एवढ्या अंतराने. खड्ड्यांसाठी सहसा तीन ते सहा सिटिंग लागतात.

तीन ते सहा महिने : खरा फरक दिसण्याचा काळ.

रीलची गंमत इथे कळते. सुया मारल्यानंतर पहिले काही दिवस त्वचा सुजलेली असते. सूज आली की खड्डे वर उचलले जातात आणि चेहरा भरलेला दिसतो. त्या वेळी काढलेला ‘आफ्टर’ फोटो खोटा नसतो, पण तो सुजेचा फोटो असतो. सूज उतरली की खड्डे पुन्हा दिसतात आणि माणसाला वाटते पैसे वाया गेले. खरा हिशेब तीन महिन्यांनी, त्याच प्रकाशात, त्याच कोनातून काढलेल्या फोटोवरच करावा. म्हणून लग्नाच्या आदल्या आठवड्यात ही सिटिंग घेऊ नका. लग्नासाठीच करायचे असेल तर किमान सहा महिने आधी डॉक्टरांना भेटा.

कंपनीत काम करणाऱ्यांनी काय पाहावे?

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी सिटिंग घेतली तर सुट्टीचा दिवस विश्रांतीला मिळतो. तरीही दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला हजर व्हायचे असेल तर कामाचे स्वरूप डॉक्टरांना आधी सांगा.

मशीनिंग करणाऱ्यांचा संबंध कूलंट आणि कटिंग ऑइलशी येतो. हे तेल त्वचेची छिद्रे बुजवून मुरमांसारखे फोड आणू शकते आणि तेलकट हात चेहऱ्याला लागतच असतो. हे कारण तसेच राहिले, तर एकीकडे खड्डे भरायचे आणि दुसरीकडे नवे पाडायचे, असा प्रकार होतो. वेल्डिंगच्या आर्कमधून अतिनील किरण निघतात, त्यामुळे वेल्डरला उन्हात न जाताही धोका असतो. पूर्ण शील्डशिवाय काम नकोच. पेंट शॉप, फाउंड्री, बफिंग अशा धूळ-धुराच्या ठिकाणी दोन-तीन दिवसांची रजा मिळत असेल तर ती घ्यावी.

नाशिक रस्त्यावरून किंवा तळेगाव–चाकण मार्गावरून दुचाकीने ये-जा करणाऱ्यांसाठी ऊन आणि धूळ दोन्ही आहेत. सनस्क्रीन कधीपासून लावायचे ते डॉक्टर सांगतील. त्यानंतर एसपीएफ ३० किंवा जास्त, दर दोन-तीन तासांनी. उपचारानंतर ऊन लागले तर खड्ड्यांऐवजी काळे डाग घेऊन बसावे लागते आणि ते जायला महिने लागतात.

धोके किती खरे आहेत?

योग्य हातांत हा उपचार बऱ्यापैकी सुरक्षित आहे. चुकीच्या हातांत काय होते, याची एक नोंद अमेरिकेत आहे. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क शहरातील परवाना नसलेल्या एका स्पामध्ये मायक्रोनीडलिंगसोबत रुग्णाचेच रक्त वापरण्याचा, ‘व्हॅम्पायर फेशियल’ नावाचा उपचार केला जात होता. २०१८ मध्ये तिथून एचआयव्हीचा संसर्ग झाल्याचा संशय आला. सौंदर्योपचारासाठी टोचलेल्या सुयांमधून एचआयव्ही पसरल्याची ही नोंद तिथल्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केली.

सुई रक्ताला लागली की एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचा धोका आलाच. स्पिरिटने पुसणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. टिप किंवा रोलर सीलबंद पाकिटातून, तुमच्या डोळ्यांसमोर उघडला गेला पाहिजे.

दुसरा धोका सीरमचा. छिद्रे उघडी असताना वरून लावलेले काहीही थेट आत जाते. त्वचेच्या पृष्ठभागासाठी बनवलेले व्हिटॅमिन सी सीरम अशा प्रकारे वापरल्यानंतर चेहऱ्यावर गाठी येण्याची आणि तीव्र ॲलर्जीची प्रकरणे २०१४ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात नोंदवली गेली आहेत. ‘आमचे खास सीरम’ असे कोणी म्हणाले तर त्याचे नाव आणि लेबल मागा.

कोणी करू नये, कोणी थांबावे?

• चेहऱ्यावर पिकलेले मुरूम, पू किंवा कोणताही त्वचासंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा.
• ओठांभोवती वारंवार हर्पिसचे फोड येत असतील तर आधी सांगावे.
• जखमेचा व्रण जाड होऊन वाढत जाण्याची, म्हणजे किलॉइडची प्रवृत्ती असेल तर टाळावे.
• कोड, सोरायसिस किंवा लायकेन प्लेनस असेल तर टोचलेल्या जागी तोच आजार उमटू शकतो.
• मधुमेह नियंत्रणात नसेल, रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नाही.
• मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन सुरू असेल किंवा नुकतेच बंद केले असेल, गर्भधारणा असेल, तर ते लपवू नये.

घरी रोलर वापरला तर?

ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त रोलरच्या बाबतीत दोन्हीकडून तोटा आहे. ०.२ ते ०.३ मिमीच्या सुया डर्मिसमधल्या खड्ड्यापर्यंत नीट पोहोचतच नाहीत, त्यामुळे खड्डे भरत नाहीत. १ किंवा १.५ मिमीचा मागवला तर तो रक्त काढणारे हत्यार आहे आणि ते न्हाणीघरातल्या आरशासमोर वापरायचे नसते. स्वस्त रोलरमध्ये सुट्या सुयांऐवजी पत्र्याच्या दातेरी चकत्या असतात. त्या छिद्र पाडण्याऐवजी चिरा पाडतात. टोके बोथट झाली की त्वचा फाटते. एकच रोलर रूममधल्या दोघा-तिघांनी वापरणे तर थेट संसर्गाला आमंत्रण आहे.

खर्चाचा हिशेब कसा करावा?

एका सिटिंगचा दर काही हजारांत असतो, आरएफचा त्याहून बराच जास्त. समजा ४,००० रुपये सांगितले, तर चार सिटिंगचे १६,०००. त्यावर सनस्क्रीन, औषधे आणि बुडालेल्या खाड्यांचे पैसे. कंत्राटी कामगार किंवा ॲप्रेंटिससाठी ही एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम होऊ शकते. सगळ्या सिटिंगचे पैसे आधीच भरून पॅकेज घेऊ नका. एक सिटिंग घ्या, त्वचा कशी वागते ते पाहा, मग पुढचे ठरवा. ईएमआयवर तर मुळीच नको.

मुरूम अजून येत असतील तर आधी त्यांच्यावर उपचार करणे सर्वांत स्वस्त पडते, कारण न पडलेला खड्डा भरावा लागत नाही. त्यासाठी महागडे क्लिनिक लागत नाही. पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे, तिथे सरकारी दरात सुरुवात करता येते.

क्लिनिकमध्ये विचारायचे पाच प्रश्न

१. सुई कोण चालवणार? ते डॉक्टर एमडी, डीएनबी किंवा त्वचारोगातील पदविकाधारक आहेत का? काही आठवड्यांचा कॉस्मेटोलॉजी कोर्स म्हणजे ही पदवी नव्हे. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासता येते.

२. माझ्या चेहऱ्यावर कोणत्या प्रकारचे खड्डे आहेत आणि त्यांतले कोणते यातून सुधारणार नाहीत?

३. टिप नवी आहे का, पाकीट माझ्यासमोर उघडणार का?

४. माझ्या गालावर आणि कपाळावर खोली किती ठेवणार? वरून काय लावणार?

५. काळे डाग पडले किंवा संसर्ग झाला तर कोणाला फोन करायचा आणि त्या उपचाराचे पैसे वेगळे पडतील का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘सगळे खड्डे जातील’ असे मिळाले, तर पैसे न भरता दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.